होकाराची वेळ

बाबांचे वाक्य अडले की त्याचा शेवट माझ्या जिभेवर तयार असतो. ते 'च' म्हणून थांबतात, मी 'चहा' म्हणून मोकळा होतो. खिडकीच्या दिशेने त्यांचा हात उठू लागतो आणि तो पुरता वर जाण्याआधीच 'उघडू का?' हे माझ्या तोंडून निघून गेलेले असते. बाबा मान हलवतात. चहा येतो, खिडकी उघडते, मुर्ध्याच्या खाडीवरचा खारट वारा घरात शिरतो, आणि बाबा पुन्हा गप्प होतात.

मागच्या शिमग्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू परतला. वाचा मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. ऐकलेले सगळे त्यांना समजते, मनात शब्दही उमटतो, पण मनापासून ओठांपर्यंतचा रस्ता उखडून गेला आहे. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात, पॉलिशच्या चाकांच्या गोंगाटावर आवाज चढवून ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे काढली, त्याला आता एका शब्दासाठी कपाळाच्या शिरा ताणाव्या लागतात.

आणि मी? मी मीरा रोडला एका वास्तुविशारदाकडे दिवसभर इतरांच्या घरांच्या भिंती पडद्यावर आखत बसतो. दुकानात गेलो तर हव्या त्या वस्तूकडे नुसते बोट दाखवतो. कोणी दोनदा नाव विचारले तर दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज पहिल्याहून लहान होतो. पण बाबांच्या शेजारी बसलो की मी वाहू लागतो. पाहुण्यांना त्यांची तब्येत मी सांगतो, त्यांचे आभार मी मानतो, त्यांच्या वतीने हसतोसुद्धा मीच. स्वतःचे काही सांगायचे नसले की बोलणे किती सोपे असते, हे मला त्यांच्या आजाराने शिकवले.

हे पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवले ते रुचिता मॅडमनी. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या वाचेचे उपचार करतात. एकदा त्यांनी बाबांसमोर कुलपाचे चित्र धरले. बाबांनी ओठ जुळवले, आणि मी म्हणालो, "कुलूप."

"अगदी बरोबर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अमोल, तुमची वाचा उत्तम आहे. आता यांचीही बघूया का?"

बाबांना हसू आले. मला नाही. निघताना मॅडमनी मला दारापाशी थांबवले. "एक विचारते, राग मानू नका. ती शांतता त्यांना सहन होत नाही, की तुम्हाला?"

मी चपला घातल्या आणि बाबांना हात दिला. पण घरी परतेपर्यंत तो प्रश्न माझ्या बाजूला बसून होता. माझी ही ऊर्मी दयेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी अडवत नाही. मीही अडवली नव्हती. ती दया नव्हती. अडलेल्या शब्दाच्या काठावर बाबा उभे असत तेव्हा घाबरत मी होतो. ती भीती संपावी म्हणून मी शब्द फेकत होतो.

आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाची पूजा जवळ आली नसती, तर हे सगळे मी कदाचित आणखी काही काळ टाळले असते.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या गावातून पोटासाठी आलेली कुटुंबे भाईंदर पश्चिमेत, मुर्ध्यात, राईत विखुरलेली आहेत. माघात ती सत्यनारायणाच्या पूजेला एका जागी जमतात. पूजेनंतर गाऱ्हाणे होते. सगळ्यांच्या वतीने एक जाणता माणूस गावच्या देवीपुढे मोठ्याने मागणे मांडतो. दर मागण्यानंतर तो थांबतो, आणि त्या थांबण्यात सगळा जमाव 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतो. माझ्या आठवणीत हे गाऱ्हाणे बाबांखेरीज कोणी घातलेले नाही. कारखान्यात ते पॉलिशवाले होते, इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे सदूभाऊ होते. पण त्या एका संध्याकाळी ते साऱ्या गावाचा आवाज होत. त्यांनीच घालून दिलेला एक नियमही होता: एकाने सुरू केलेले गाऱ्हाणे दुसऱ्याने मध्ये उचलायचे नाही. बोलणारा अडला, तर तिथेच नारळ ठेवून हात जोडायचे, आणि पुढल्या वर्षापासून माणूस बदलायचा.

मंडळाचे अध्यक्ष लवूकाका घरी आले ते हेच सांगायला.

"सदू, यंदा तू आपला खुर्चीत बस. मानाची खुर्ची. गाऱ्हाणं मी घालतो."

"न्हाय," बाबा म्हणाले. हा शब्द त्यांना नेहमी सापडतो.

"अरे, पण जमणार हाय का तुला?"

बाबा उठून उभे राहिले. डोळे मिटले. आणि आईच्या हातातले ताट हातातच राहिले, कारण बाबांच्या तोंडून न अडखळता शब्द वाहू लागले: "बा देवी म्हाराजा, गाव सोडून पोटासाठी खाडीच्या काठाला येऊन ऱ्हायलेली ही तुझी लेकरं आज एका जागी उभी हायत. त्यांचा विडा-नारळ मानून घे. कोणाचं पाऊल वाकडं पडलं आसंल, तर ते सरळ कर म्हाराजा."

लवूकाकांनी डोळे पुसले. "हा तर झाला बरा. अमल्या, त्या मॅडमकडे कशाला फेऱ्या मारतोस? सुलूवयनी, चा टाका."

आईनेही पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते ते माझे, कारण हे असे होणार हे मॅडमनी मला सांगितले होते. वर्षानुवर्षे म्हटलेले, अंगात मुरलेले शब्द अशा आजारातही वाहून येऊ शकतात; आरती येते, शिव्या येतात. अडते ते नवे वाक्य, जे जागच्या जागी बांधावे लागते. आणि गाऱ्हाण्याचा पहिला भाग ठरलेला असला, तरी दुसरा दर वर्षी नवा असतो. त्या वर्षाचे आजार, त्या वर्षाची लग्ने, त्या वर्षाची दुःखे.

मी हे कसेबसे सांगितले. लवूकाका विचारात पडले. "मग तेवढंच बोल सदू. पाठ हाय तेवढं. पुढचं काय, देवीला म्हाईत हाय."

"न्हाय." बाबांनी छातीवर हात ठेवला. "मा... माग..."

"मागायचंय त्यांना काहीतरी," मी म्हणालो, आणि बोलल्यावर कळले की मी पुन्हा बोललो.

लवूकाकांनी चहा संपवला. "बघ बाबा. मी न्हाय आडवा येत. पण आडलास, तर तिथंच नारळ. नियम तुझाच हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "होकार तू सुरू कर यंदा. म्हातारे महिपतबाबा करतात, पण त्यांना ऐकू येईना झालंय. ओठ थांबले की ते 'व्हय' म्हणतात. सदूचे ओठ काय, थांबतच असणार."

अशा रीतीने त्या संध्याकाळचे माझे काम ठरले. बाबांच्या बाजूला उभे राहायचे, त्यांचे मागणे पूर्ण होईपर्यंत थांबायचे, आणि मग दोनच शब्द उच्चारायचे. माझा होकार लवकर गेला, तर साऱ्या जमावाचा आवाज त्यांच्या अर्ध्या वाक्यावर कोसळणार होता आणि ते वाक्य पुन्हा उभे राहिले नसते. त्या रात्री मी मनाशी ठरवले: हे मला जमलेच पाहिजे.

सुरुवात मी अगदी बाळबोधपणे केली. बाबा बोलू लागले की तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचे. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाबा जेवताना 'मी...' म्हणून थांबले, 'मीठ' माझ्या तोंडात उसळले, आणि घोटासकट ताटात पडले.

"शी, दादा," माझी धाकटी बहीण संजना म्हणाली. "बाबांच्या आधी तुलाच उपचार पाहिजेत."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी स्वतःच हात लांब करून मिठाची बरणी ओढली. म्हणजे मीठच हवे होते. पण बरोबर असणे हा काही माझा बचाव नव्हता.

दुसरा प्रयत्न रिक्षातला. मॅडमकडून निघालो होतो. रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, "किधर, चाचा?"

"मु..." बाबांनी सुरुवात केली. मी दात आवळले. आज काहीही झाले तरी बोलणार नव्हतो. "मु... मु..."

"मोर्वा?" रिक्षावाला म्हणाला. मागून हॉर्न वाजत होते. बाबांनी थकून मान हलवली, आणि रिक्षा सुटली.

मी गप्प बसलो. मुर्ध्याचा नाका आला आणि गेला. आमच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेली आईची निळी साडी, मागे पडली. राई गेली. जुन्या मिठागरांच्या कोरड्या चौकोनांवर बगळे उभे होते, आणि मी माझ्या निग्रहाचा अभिमान बाळगत पुढे पाहत होतो. मोर्व्याला उतरल्यावर बाबांनी आधी रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तू..." ते म्हणाले. मी थांबलो. "तू... गप... का?"

"तुम्हाला बोलता यावं म्हणून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "येडा," ते म्हणाले. हा शब्द त्यांना क्षणात सापडला.

आम्ही खाडीच्या कडेने परत चालत निघालो. उन्हे कलली होती. बाबांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता, आणि त्या हाताच्या वजनाखाली मला एकेक गोष्ट दिसू लागली. बाबांना मोर्व्याला जायचे नव्हते, तरी त्यांनी मान हलवली होती. मान हलवणे हा त्यांचा होकार नव्हता. ती शरणागती होती. मग वर्षभर माझ्या शब्दांवर त्यांनी किती वेळा अशी मान हलवली असेल? किती वेळा चहा नको असताना प्यायला असेल? आणि दुसरी गोष्ट: गप्प बसणे म्हणजे थांबणे नव्हे. रिक्षात मी गप्प होतो, पण माझे लक्ष माझ्या निग्रहाकडे होते. बाबांकडे मी पाहिलेच नव्हते. पाहिले असते, तर दिसले असते की ते मदत मागत आहेत.

म्हणून मी पाहायला शिकलो. शब्द शोधताना बाबांचे खांदे किंचित वर चढतात आणि गळ्याची घाटी हलत राहते. शब्द मिळाला, वाक्य संपले, की खांदे खाली येतात. हार मानली, तर खांदे वरच राहतात आणि नजर माझ्याकडे वळते. तेव्हा, आणि तेव्हाच, मदत करायची. हे त्यांच्याविषयी. स्वतःविषयी शिकणे अधिक कठीण होते. माझी ऊर्मी शब्दाच्या आधी श्वासात येते, हे मला हळूहळू उमगले. छाती भरते, जीभ टाळूला जाऊन टेकते, मग शब्द. जीभ टेकल्यावर काही करता येत नाही. पण श्वासाच्या वेळी ती पकडली, तर तो श्वास नुसता सोडून देता येतो. लाट मोडावी लागत नाही. ती आपोआप ओसरते. अर्थात पुढची येतेच.

एक मोह मात्र सुटेना. बाबांना काय मागायचे आहे, हे मला जाणून घ्यायचे होते. "संजनाच्या लग्नाचं का, बाबा? की माझ्या बढतीचं? आपण आधी म्हणून बघू." बाबांनी टेबलावर हात आपटला.

"तुला काय पेपर फोडायचाय का?" संजना म्हणाली. "देवीला सांगायचंय त्यांना. तू देवी आहेस?"

पूजा भाईंदर पश्चिमेच्या एका सभागृहात होती. सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, कडेला स्टीलच्या पातेल्यात प्रसादाचा शिरा. बाबा पांढऱ्या सदऱ्यात देवीच्या तसबिरीपुढे उभे राहिले. एका बाजूला नारळ घेऊन लवूकाका, दुसऱ्या बाजूला मी. पुढच्या रांगेत महिपतबाबा, सवयीने बाबांच्या ओठांकडे डोळे लावून. इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो.

पहिला भाग पाण्यासारखा गेला. दर मागण्याला मी 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो, पण पुटपुटल्यासारखे. जमावाचा आवाज लगेच माझ्यावरून वाहून जाई, आणि मला ते बरे वाटे. बायका एकमेकींकडे पाहून समाधानाने माना डोलवू लागल्या. मग ठरलेले शब्द संपले.

"आमच्या मंडळात..." बाबा म्हणाले. खांदे वर चढले. "भांडणं..."

"व्हय म्हाराजा," महिपतबाबा खणखणीत म्हणाले, आणि अर्ध्या सभागृहाने त्यांच्यामागे होकार भरला.

"हे मात्र खरं बोललास, सदूभाऊ," मागून कोणीतरी म्हणाले. हशा उसळला. बाबाही हसले, मग त्यांनी डावा पंजा उंच धरला. हशा विरला.

"...नकोत," बाबा म्हणाले. खांदे खाली आले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. या वेळी महिपतबाबांनी चूक ओळखली असावी. त्यांनी नजर बाबांच्या ओठांवरून काढून माझ्या ओठांवर आणली.

"माझा... पोर..." बाबा म्हणाले.

आणि थांबले.

खांदे चढले. घाटी हलू लागली. माझ्या छातीत श्वास भरला. मी तो सोडला. बढती, असे मन म्हणाले. लग्न. स्वतःचे घर. प्रत्येक शब्द ओठांच्या आत येऊन उभा राहत होता, आणि मी प्रत्येकाला परत पाठवत होतो. पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. एक मूल कुजबुजले, त्याच्या आईने त्याला मांडीत ओढले. लोकांच्या नजरा बाबांवरून माझ्यावर सरकल्या; मी माझे काम विसरलो, असे त्यांना वाटत असावे. ती शांतता आता बाबांच्या एकट्याची नव्हती, सगळ्यांची झाली होती, आणि कोणालाच ती धरवत नव्हती.

लवूकाकांनी हळूच एक पाऊल पुढे टाकले. नारळ ठेवायला ते वाकू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर क्रूरपणा नव्हता. मित्राची फजिती लवकर संपावी, एवढेच त्यांना हवे होते. ती घाई माझ्या ओळखीची होती. मी बाबांकडे पाहिले. त्यांची नजर माझ्याकडे वळली नव्हती. ती तसबिरीवर होती, आणि घाटी अजून हलत होती.

मी हात लांब करून लवूकाकांचे मनगट धरले. ते चकित होऊन थांबले. मी सोडले नाही.

"लोकात..." बाबा म्हणाले. पुन्हा थांबले. कपाळावरून घामाचा एक थेंब भुवईत उतरला. "लोकात... बोलू... दे. माझ्या... मागे... बी."

त्यांचे खांदे खाली आले.

वर्षभर मी त्यांचे शब्द ओळखत होतो, आणि हा एक मला ओळखता आला नव्हता. मी त्यांच्यासाठी बोलत होतो, आणि त्यांना दिसत होते की मी फक्त त्यांच्यासाठीच बोलतो. ते गेले, की मीही संपेन. एवढ्यासाठी त्यांनी तो उखडलेला रस्ता सगळ्यांदेखत पार केला होता.

आता होकाराची वेळ होती, आणि माझी जीभ हलेना. आधीची ऊर्मी ओसरून तिच्या जागी दुसरी, अधिक जुनी, उभी राहिली होती: मान खाली घालावी, कोणाच्या तरी मागे सरकावे, माझ्याविषयीच्या मागण्याला होकार इतरांनीच भरावा. महिपतबाबा मात्र माझ्या ओठांकडे पाहत थांबले होते. सगळेच थांबले होते. मी ही ऊर्मीही छातीत चढताना पाहिली, आणि श्वास सोडला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आवाज मध्येच फाटला. पण तो मागच्या भिंतीपर्यंत गेला, हे मला ऐकू आले.

सभागृह दणाणून गेले. संजना रडत होती आणि रडताना माझ्याकडे पाहून तोंड वेडावत होती. आईने हात जोडलेलेच ठेवले होते. लवूकाकांनी नाक ओढले, मनगट सोडवून घेतले, आणि नारळ ठेवायला पुन्हा वाकले.

"झालं. पोचलं गाऱ्हाणं," ते म्हणाले. "चला, शिरा गार व्हतोय."

माणसे उठू लागली. खुर्च्या सरकल्या. मी बाबांकडे पाहिले. त्यांचे खांदे पुन्हा वर चढले होते.

"थांबा, काका," मी म्हणालो. कोणी ऐकले नाही. मी जमावाकडे वळलो, इतके चेहरे एकदम पाहिले, आणि आवाज चढवला. "सगळ्यांनी जरा बसा. बाबांचं अजून आहे."

लवूकाका नारळासकट सरळ झाले. "अजून किती, रे?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "ते सांगतील."

उठलेली माणसे बसली. महिपतबाबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. बाबांची घाटी हलत होती, आणि मी त्यांच्या बाजूला उभा होतो.